वनौषधींची प्राण्यांवरील सुरक्षितता-चाचणी (कोकणाच्या संदर्भात)

परंपरेने वापरात असलेले एखादे वनस्पतिजन्य औषध माणसाला द्यावे का, कोणत्या मात्रेपर्यंत द्यावे आणि किती दिवस द्यावे, हे ठरवण्यासाठी ते प्रयोगशाळेत पाळलेल्या प्राण्यांना, बहुधा उंदरांना, मोजून देऊन त्याचे अपाय तपासण्याची पद्धत. औषधाने रोग बरा होतो की नाही, हा प्रश्न या चाचणीच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी गुणकारितेच्या चाचण्या वेगळ्या असतात. इंग्रजी वळणाने हिला विषाक्तता-चाचणी असेही म्हणतात.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत समुद्रकिनाऱ्यापासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंतचे अंतर थोडे असले, तरी त्या पट्ट्यात खाडीकाठ, जांभ्याचे सडे, देवराया आणि घाटातली दाट राने असे वनस्पतींचे फार निरनिराळे आश्रय आहेत. आवेला कुड्याच्या मुळाची साल, मधुमेहाला सप्तरंगीचे मूळ, तापाला सातविणीची साल आणि गुळवेल, पित्ताला कोकम, असे झाडपाल्याचे औषध येथील घरांत आजही घेतले जाते. ‘आजी-पणजीपासून घेतो, कोणाला काही झाले नाही,’ हा त्यामागचा नेहमीचा दाखला असतो. तो क्षुल्लक मानता येत नाही, कारण लवकर दिसणारा अपाय लोकांच्या अनुभवाने नक्कीच टिपला आहे. बिब्बा अंगावर उततो, काजऱ्याच्या बीने झटके येतात, पावसाळ्यात बांधावर फुलणाऱ्या कळलावीचा कंद जिवावर बेततो, हे सांगायला प्रयोगशाळा लागली नाही. मात्र जो अपाय महिन्यांनी किंवा वर्षांनी उमटतो, मूत्रपिंड हळूहळू निकामी करतो, गर्भावर परिणाम करतो किंवा अर्बुद (पेशींची गाठ) निर्माण करतो, त्याचा संबंध पूर्वी कधीतरी प्यालेल्या काढ्याशी जोडणे घरातल्या माणसांना आणि वैद्यालाही जवळजवळ अशक्य असते. प्राण्यांवरील चाचणीची खरी गरज या ठिकाणी निर्माण होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सापसंदाच्या कुळातले आहे. सापसंद (ॲरिस्टोलोकिया इंडिका) ही वेल कोकणात उगवते आणि नावाप्रमाणे सर्पदंशावर तिचे मूळ देण्याची जुनी रीत आहे. या प्रजातीतील (म्हणजे ॲरिस्टोलोकिया या गटातील) वनस्पतींमध्ये ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. 1982 साली जर्मन संशोधकांनी हे आम्ल उंदरांना तीन महिने तोंडावाटे दिले, तेव्हा त्यांच्या जठराच्या पुढच्या भागात कर्करोग झाल्याचे दिसून आले. पुढे 1993 साली बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्या घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाल्याचे उघड झाले. त्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी याच प्रजातीतील दुसरी वनस्पती आली होती. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे आम्ल माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले आहे. उंदरांनी दिलेली सूचना माणसांवरील आपत्तीच्या अकरा वर्षे आधी छापून आली होती, ही बाब या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

वनस्पतीची ओळख : चाचणीतील पहिली आणि सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाणारी पायरी. एकच नाव दोन झाडांना आणि एका झाडाला तालुक्यागणिक निराळे नाव, हे कोकणात नित्याचे आहे. औषधाचा कुडा म्हणजे पांढरा कुडा (होलॅऱ्हीना). पण बाजारातील सालीत काळ्या कुड्याची (राइटिया) भेसळ सर्रास होते. कोकणाच्या दक्षिणेला तुळुनाडूत (कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील तुळू भाषकांच्या मुलखात) आषाढातील अमावास्येला सातविणीच्या सालीचा रस पिण्याची प्रथा आहे. पहाटेच्या अंधारात साल काढताना सातविणीऐवजी काजऱ्याची साल निघाली, तर रसातून स्ट्रिक्नीन हे काजऱ्यातील जहाल विष पोटात जाते. अलीकडचे उदाहरण गुळवेलीचे आहे. 2020 च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकात 2021 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा आयुष मंत्रालयाने ती वनस्पती गुळवेलच होती हे सिद्ध झालेले नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, असा आक्षेप घेतला. या वादात बाजू कोणाची खरी, यापेक्षा वनस्पतीचा नमुना आधीच जपून ठेवला असता तर वाद उद्भवलाच नसता, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. म्हणून चाचणीसाठी आणलेल्या वनस्पतीची फुला-फळांसह डहाळी दाबून, वाळवून, गोळा केल्याचे ठिकाण व तारीख लिहून वनस्पतिसंग्रहालयात ठेवावी लागते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालयात अशी ओळख पटवून घेण्याचा परिपाठ आहे.

मात्रा : घरगुती औषधाचे माप आणि प्रयोगशाळेचे माप यांचा मेळ घालणे हे अवघड काम आहे. बाळगुटी असो वा मोठ्यांची मुळी, ती सहाणेवर उगाळतात आणि मात्रा वेढ्यांत (मुळी सहाणेवर फिरवण्याच्या फेऱ्यांत) सांगतात: तान्ह्याला एक वेढा, मोठ्याला चार. सहाण किती खरखरीत आहे, मुळी ओली की सुकी, उगाळणारा हात जड की हलका, यांवर एका वेढ्यात किती द्रव्य उतरते ते ठरते. चाचणी करणाऱ्याने वैद्याच्या समोर बसून, त्याच्याच सहाणेवर, त्याच्याच हाताने दहा-वीस वेळा वेढे काढवून घेऊन ते द्रव्य सुकवून तोलले पाहिजे. ही मेहनत क्वचितच घेतली जाते आणि मात्रा अंदाजे धरली जाते. मग पुढचे सारे आकडे कितीही काटेकोर असले, तरी त्यांचा पाया डळमळीत राहतो.

माणसाची मात्रा कळल्यावर ती उंदरासाठी बदलून घ्यावी लागते. लहान प्राण्याचा चयापचय जलद असल्याने केवळ वजनाच्या प्रमाणात मात्रा कमी करून भागत नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या आधारे मोठ्या उंदरासाठी (रॅट) 6.2 आणि लहान उंदरासाठी (माउस) 12.3 हे गुणक वापरतात. समजा, 60 किलो वजनाचा माणूस रोज 6 ग्रॅम सुक्या सालीचा काढा घेतो आणि तेवढ्या सालीतून 600 मिलिग्रॅम घन अर्क उतरतो. म्हणजे माणसाची मात्रा दर किलो वजनामागे 10 मिलिग्रॅम झाली आणि मोठ्या उंदरासाठी ती दर किलोस 62 मिलिग्रॅम होईल. सुरक्षिततेचे अंतर समजावे म्हणून याच्या कितीतरी पट मात्राही देऊन पाहाव्या लागतात.

औषध तयार करण्याची रीतही तीच हवी. लोक पाण्यात काढा करतात आणि प्रयोगशाळेत सोयीसाठी अल्कोहोलमध्ये अर्क काढला जातो, असे पुष्कळदा घडते. पाण्यात न उतरणारी द्रव्ये अल्कोहोलमध्ये उतरतात, त्यामुळे अशा अर्काचा निष्कर्ष काढ्याला लावता येत नाही, मग तो निष्कर्ष चांगला असो की वाईट. बिब्बा आणि काजरा यांचे आयुर्वेदात शोधन (विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया) सांगितले आहे: बिब्ब्याचे विटेच्या चूर्णात, काजऱ्याचे गोमूत्र, दूध आणि तूप यांच्या साहाय्याने. येथे कच्चे आणि शोधित अशी दोन्ही द्रव्ये शेजारी शेजारी तपासणे आवश्यक असते. याखेरीज कोकणच्या पावसाळ्यात साल आणि मुळे नीट वाळत नाहीत व त्यांवर बुरशी धरते. बुरशीचे विष यकृताला मारक असते, आणि तो दोष विनाकारण वनस्पतीच्या माथी बसतो.

चाचण्यांचे प्रकार : 1927 साली ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा काढण्याची पद्धत मांडली. तिच्यात प्राणी फार मरत आणि हाती एक आकडाच येई. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) तिची 401 क्रमांकाची मार्गदर्शिका 2002 साली रद्द केली. आता एकदाच द्यावयाच्या मात्रेसाठी मुख्यतः त्याच संघटनेची 423 क्रमांकाची पद्धत वापरतात. तिच्यात एका वेळी तीनच उंदीर, साधारणपणे माद्या, घेतात. दर किलोस 5, 50, 300 किंवा 2000 मिलिग्रॅम यांपैकी योग्य मात्रेपासून आरंभ करतात. रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदराच्या घशात बोथट टोकाच्या नळीने औषध सोडतात आणि चौदा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवतात. पहिले चार तास विशेष काळजीने पाहिले जातात: केस उभे राहणे, लाळ, थरथर, झटके, सुस्ती, श्वासाची लय.

रोज घेण्याच्या औषधासाठी हे पुरेसे नाही. 407 क्रमांकाच्या चाचणीत 28 दिवस आणि 408 क्रमांकाच्या चाचणीत 90 दिवस रोज औषध देतात. तीन वेगवेगळ्या मात्रांचे गट आणि औषध न दिलेला एक गट असतो. प्रत्येक गटात पहिल्या चाचणीत किमान पाच नर व पाच माद्या, दुसरीत दहा-दहा. दर आठवड्याला वजन आणि खाल्लेले अन्न मोजतात. अखेरीस रक्त तपासून यकृतातील विकरे (एन्झाइम), युरिया, क्रिएटिनिन आणि रक्तपेशी पाहतात. यकृत, मूत्रपिंड, हृदय, प्लीहा, वृषणे आदी इंद्रिये तोलून, फॉर्मॅलिनमध्ये ठेवून त्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मधुमेहावरचे औषध रुग्ण वर्षानुवर्षे घेत असल्याने त्याला 14 दिवसांची चाचणी करून ‘सुरक्षित’ म्हणणे, हे या लेखकाला शास्त्राचा गैरवापर वाटते.

सप्तरंगीच्या प्रजातीवरील संशोधनातून हा मुद्दा स्पष्ट होतो. या प्रजातीतील सॅलॅसिनॉल हे द्रव्य पिष्टमय अन्न पचवणाऱ्या विकराला अडवते, त्यामुळे जेवणानंतर साखर सावकाश वाढते. तिच्या एका जातीचा अर्क 14 दिवस मोठ्या मात्रेत देऊनही उंदरांना लक्षणीय अपाय झाला नाही, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी श्रीलंकेतील संशोधकांनी दुसऱ्या जातीच्या मुळाचा अर्क गाभण उंदरांना फार मोठ्या मात्रेत दिला असता गर्भ दगावण्याचे प्रमाण वाढले आणि पिल्ले कमी वजनाची जन्मली. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. प्रश्न वेगळे, जाती वेगळ्या, मात्रा वेगळ्या. मात्र गरोदरपणी साखर वाढलेल्या बाईला सप्तरंगीचा काढा देताना पहिल्या निष्कर्षाचा आधार घेता येणार नाही.

कोकमाची गोष्टही अशीच आहे. सोलकढी आणि अमसुले हे अन्न आहे. पण कोकमाच्या सालीत असलेले हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, त्याच कुळातील मलबारी चिंचेतून वेगळे काढून, वजन घटवण्यासाठी गोळ्यांत विकले जाते. 2005 साली जपानी संशोधकांनी लठ्ठ जातीच्या नर उंदरांना ते अन्नातून मोठ्या प्रमाणात दिले, तेव्हा त्यांची वृषणे आकसली. याचा अर्थ जेवणाबरोबरची वाटीभर सोलकढी घातक आहे असा नव्हे. अन्नातले द्रव्य घट्ट करून औषध म्हणून विकले की त्याची चाचणी नव्याने करावी लागते, एवढाच अर्थ आहे.

मर्यादा : उंदीर ओकू शकत नाही. गेळफळासारखे वांतीचे औषध त्याला दिले, तर माणसात सर्वांत आधी दिसणारे लक्षण त्याच्यात दिसतच नाही. मळमळ, डोकेदुखी, चक्कर हेही तो सांगू शकत नाही. प्राणिगृहातील उंदीर तरुण, निरोगी आणि एकाच आहारावर वाढलेला असतो. औषध घेणारा माणूस वयस्क, मूत्रपिंड आधीच कमजोर झालेला आणि डॉक्टरांच्या गोळ्याही घेणारा असतो. गुळवेलीच्या मुंबईतील रुग्णांसारखी व्यक्तिगणिक उमटणारी यकृताची इजा निरोगी उंदरांत बहुधा सापडत नाही. किनाऱ्यावरील हवामानाचीही एक अडचण आहे. प्राणिगृहात तापमान 22 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि आर्द्रता 30 ते 70 टक्के राखावी लागते. जून ते सप्टेंबर बाहेरची हवा याहून कितीतरी दमट असते, आणि वादळात वीज गेली की प्राण्यांवर ताण येऊन रक्ताचे आकडे बदलतात. जनित्राशिवाय पावसाळ्यात 90 दिवसांची चाचणी हाती घेऊ नये.

कायदा आणि नीती : प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, 1960 नुसार केंद्र शासनाने नेमलेली समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते आणि 1998 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत प्राणी-नीतिसमिती असावी लागते, तिच्या मंजुरीविना एकाही उंदराला सुई लावता येत नाही. रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग घेणे, संख्या कमी ठेवणे आणि वेदना घटवणे, ही मंजुरीची कसोटी असतात. ज्या वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही तिच्यासाठी उंदीर मारणे, या कसोटीवर कधीच उतरत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत 2010 साली आलेल्या 158-ब या नियमाने ग्रंथोक्त औषधाला, ते ग्रंथात सांगितल्याप्रमाणे बनवून त्याच कारणासाठी वापरल्यास, सुरक्षितता-चाचणीतून सूट दिली आहे. बिब्बा, काजरा, कळलावी, गुंज, धोत्रा यांसारखी विषारी द्रव्ये याच नियमावलीच्या ई(1) या परिशिष्टात स्वतंत्रपणे नोंदलेली आहेत. हे सारे परवाना घेऊन विकल्या जाणाऱ्या औषधांना लागू होते. परसातून मुळी उपटून सहाणेवर उगाळलेले औषध या नियमांच्या बाहेर राहते.