जुन्या शाळेच्या इमारतीत अभ्यासिका, पाळणाघर करायचंय? आधी कुठले कागद काढायचे ते वाचा

शाळेचा पट संपला, वर्गांना कुलपं लागली, पण दगडी इमारत अजून ठणठणीत उभी आहे, आणि तिथे अभ्यासिका, पाळणाघर, ज्येष्ठांचा कट्टा, संध्याकाळी नाटकाच्या तालमी असं काही सुरू व्हावं असं गिरगाव-परळकडच्या बऱ्याच मंडळींना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी लिहितोय.

सगळ्यात आधी पालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात (डीपी) आपला प्लॉट कशासाठी दाखवलाय त्याचा दाखला, काढा. आमच्या ट्रस्टने आधी ड्रॉइंग करून घेतली आणि मग कळलं की आराखड्यात प्लॉटवर शाळाच दाखवलीय, सगळं परत पहिल्यापासून. असं असलं तर एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम ३७ खाली आराखड्यातच फेरबदल करावा लागू शकतो आणि त्याला वेळ जातो.

वापर बदलाचा अर्ज मालकाच्याच नावाने जातो, उपक्रम चालवणारं मंडळ वेगळं असेल तर मालकाचं संमतीपत्र हवं. इमारत पब्लिक ट्रस्टची असेल आणि ३ वर्षांच्या वर लीज करायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ ची मंजुरी आधी घ्यायची, नंतर नाही. जमीन कलेक्टरच्या भाडेपट्ट्याची असेल तर तिथलीही परवानगी.

मग पालिकेच्या हेरिटेज (वारसा इमारतींच्या) यादीत आपल्या इमारतीची ग्रेड बघा. ग्रेड १ ला हात लावणं जवळपास नाहीच, इमारत टिकवायला लागेल तेवढंच. २अ मध्ये आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे चालतो, बाहेरचा चेहरा तसाच ठेवायचा, ३ मध्ये अजून मोकळीक. प्रस्ताव नोंदणीकृत आर्किटेक्टमार्फत पालिकेत जातो आणि गरजेप्रमाणे हेरिटेज समितीपुढे येतो.

फाइलला प्रॉपर्टी कार्ड, ट्रस्टचा शेड्युल वनचा उतारा (धर्मादाय कार्यालयातली ट्रस्टची नोंद), ठराव, इमारत आज आहे तशी मोजून केलेली ड्रॉइंग, स्ट्रक्चरल ऑडिट आणि फोटो लावा. फोटोत कंजुषी नको आणि त्याआधी रंगरंगोटी तर अजिबात नको. आमच्या सागवानी जिन्याच्या पायऱ्या मुलांच्या पायांनी मधोमध वाटीसारख्या झिजल्यात, आर्किटेक्टबाईंनी ती झीजसुद्धा ड्रॉइंगमध्ये दाखवली, त्यामुळे जिना काढायचा नाही हे सगळ्यांना आपोआप पटलं.

फायर ब्रिगेडच्या एनओसीसाठी कुठल्या मजल्यावर काय आणि किती माणसं हे स्पष्ट लिहा, नुसतं 'सामाजिक वापर' लिहून भागत नाही. पाळणाघर तळमजल्यावरच ठेवा, आणि बाहेर पडायला दुसरा जिना लागलाच तर तो मागच्या बाजूला दाखवा, म्हणजे दर्शनी भाग वाचतो.