लाय–ले (इंग्रजी क्रियापदजोडी)

लाय–ले : इंग्रजी शिकणाऱ्यांचाच नव्हे, तर मातृभाषिकांचाही गोंधळ उडवणारी क्रियापदजोडी. ‘लाय’ (लाय–ले–लेन) अकर्मक. अर्थ आडवे होणे, पडून असणे. ‘ले’ (ले–लेड–लेड) सकर्मक. अर्थ ठेवणे, अंथरणे, अंडी घालणे. पहिल्याचा भूतकाळ तेच दुसऱ्याचे मूळ रूप, हे घोळाचे मूळ. खोटे बोलणे या अर्थाचा ‘लाय’ व्युत्पत्तीने निराळा.

जुन्या इंग्रजीत ही रूपे साधारणपणे ‘लिज्जन’ आणि ‘लेज्जन’ अशी उच्चारली जात. दुसरे पहिल्याचे प्रयोजक. धातूचा स्वर बदलून व प्रत्यय जोडून प्रयोजक करण्याची ही इंडो-युरोपीय रीत संस्कृत पतति–पातयति या जोडीत दिसते आणि तिथूनच मराठी पडणे–पाडणे आले. मराठीत ती ओळखू येते. इंग्रजीत सिट–सेट, फॉल–फेल (झाड पाडणे) असे अवशेषच उरले. जुन्या इंग्रजीतल्या या दोन क्रियापदांच्या तृतीयपुरुषी एकवचनात ‘ज्ज’ नव्हता. त्या रूपांच्या प्रभावाने तो इतरत्रही गळाला, असे सामान्यतः मानतात. जर्मनमध्ये ‘लीगेन’चा (पडून असणे) भूतकाळ ‘लाग’ होतो, म्हणून ‘लेगेन’शी (ठेवणे) टक्कर होत नाही.

‘ले’चा अकर्मक वापर सुमारे १३०० पासून आढळतो. ‘स्वतःला आडवे करणे’ या रचनेतील कर्म गळून तो आला, असे एक मत. ‘लेड डाउन’ म्हणताना दोन ‘ड’ एकजीव होऊन ‘ले डाउन’ ऐकू येते, हे दुसरे. दोन्ही कारणे संभवतात. मात्र ‘ले’ या सामाईक रूपाचा वाटा अधिक असावा. हा अकर्मक वापर अशुद्ध ठरला बहुधा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात; तरी १८१८ च्या एका सर्गात इंग्रज कवी बायरनने यमकाच्या जागी तोच योजला आहे.

क्रियापदाला विचारलेल्या ‘काय?’ या प्रश्नाला उत्तर मिळाले तर ‘ले’. ‘काल दुपारी जरा पडलो’ याला ‘आय ले डाउन’. ‘चटई अंथरली’ याला ‘आय लेड द मॅट’. ‘पुस्तक टेबलावर ठेवलंय’ इथे मराठीतल्या ‘ठेवणे’मुळे ‘इज लेइंग’ लिहिले जाते. हवे ‘इज लाइंग’. कोंबडीच्या बाबतीत अंडी हे कर्म अध्याहृत राहू शकते, तेव्हा कर्म दिसत नसले तरी ‘ले’च. ‘लेड’ लिहिताना नियमित क्रियापद समजून ‘वाय’नंतर ‘ई-डी’ जोडतात, ते चूक.