ब्रेक ऑइल, दुचाकीचे

डिस्क ब्रेक असलेल्या दुचाकीत लिव्हरवरचा दाब कॅलिपरमधील (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातील) पिस्टनपर्यंत पोहोचवणारा द्रव. बोलण्यात ‘ऑइल’ म्हणत असले, तरी नेहमीच्या वापरातला द्रव तेल नसून मुख्यतः ग्लायकॉल ईथरांचे मिश्रण असते. नावाला फसून ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतल्यास रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो.

द्रवदाबाच्या ब्रेकचे श्रेय सामान्यतः अमेरिकी अभियंते माल्कम लॉकहीड यांना दिले जाते. मात्र इंग्लंडमधील फ्रेडरिक हीथ यांनी १९०४ च्या सुमारास पाणी आणि ग्लिसरीन वापरून सायकलला असा ब्रेक बसवल्याचे उल्लेख मिळतात. त्यामुळे लॉकहीड यांचे श्रेय मोटारीपुरते मानणे अधिक योग्य. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना हा ब्रेक आला. आरंभीच्या द्रवांत अल्कोहोल आणि एरंडेल असे. ‘ऑइल’ हे नाव त्याच काळातले असावे. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटरसायकलवर हा डिस्क ब्रेक १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून रुळला.

ग्लायकॉलचा द्रव हवेतील ओलावा शोषतो, आणि बदलण्याचे मुख्य कारण हेच. ‘डॉट ४’ (अमेरिकी मानकातील एक प्रत) प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १५५° से. पुरतो. ‘डॉट ३’ साठी हेच आकडे २०५° आणि १४०° आहेत. ओला झालेला द्रव तापून उकळला की नळीत वाफ धरते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून लिव्हर मुठीला टेकतो आणि चाक मात्र फिरतच राहते. आंबा, कुंभार्ली किंवा आंबोली घाटात इंजिनाचा आधार न घेता सतत ब्रेकवर उतरणाऱ्याला हा धोका सर्वाधिक. फसवी बाब अशी, की आंबा घाटाखाली साखरप्याला चहा होईपर्यंत कॅलिपर निवतो, वाफेचे पुन्हा पाणी होते, लिव्हर कडक लागतो आणि झालेला प्रकार विसरला जातो.

ओलावा शिरतो कुठून, याविषयी दोन मते आढळतात. एक मत टाकीचे झाकण वारंवार उघडण्याला दोष देते. दुसऱ्या मते तो रबरी नळीच्या भिंतीतूनही हळूहळू झिरपत राहतो. दुसरे मत अधिक पटते, कारण उभ्या गाडीतला द्रवही जुना होतो. कोकणात याला विशेष महत्त्व आहे. चाकरमान्याची गाडी गावच्या पडवीत वर्षभर झाकून असते आणि गणपतीत किंवा शिमग्याला बाहेर निघते. मीटरवर किलोमीटर नगण्य, पण द्रवाने दोन पावसाळे खाल्लेले असतात. बहुतेक उत्पादक दोन वर्षांची मुदत देतात. किनाऱ्यालगत ती किलोमीटर न पाहता पाळावी. दर दिवाळीनंतर बदलला तरी खर्च फार नाही. पाण्यामुळे पिस्टन आणि एबीएसचे (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) सूक्ष्म व्हॉल्व्ह आतून गंजतात, ती दुरुस्ती मात्र महागडी.

रंग काळपटला तर द्रव बदलावाच. पण तो सोनेरी दिसतो म्हणून कोरडा आहे, असे समजू नये. पॅड झिजले की टाकीतली पातळी उतरते. त्यावर वरून भर घालणे म्हणजे बदलणे नव्हे. बदलताना कॅलिपरवरच्या निपलला (द्रव बाहेर सोडण्याच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावून जुना द्रव काढतात आणि टाकी मध्येच रिकामी पडू देत नाहीत, नाहीतर हवा धरते. काही एबीएस गाड्यांत हवा काढायला कार्यशाळेतील उपकरण लागते. सिलिकोनचा ‘डॉट ५’ ग्लायकॉलच्या द्रवात कधीही मिसळू नये, ‘डॉट ५.१’ हा मात्र नाव सारखे असूनही ग्लायकॉलचाच.

फोडलेली बाटली फळीवर ठेवून पुढच्या पावसाळ्यानंतर वापरण्याची सवय घातक आहे. हा द्रव रंग खातो. पेट्रोलच्या टाकीवर थेंब सांडल्यास फडक्याने पुसत न बसता लगेच भरपूर पाणी ओतावे.