घट्ट बसलेले झाकण आणि घर्षणाचे चक्रवाढ व्याज

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या डिझेल गाडीचे ऑईल बदलण्याचे काम एका झाकणापाशी येऊन अडले. कागदी ऑईल फिल्टर ज्या अॅल्युमिनियमच्या घरात बसतो, त्याचे काळे प्लास्टिकचे झाकण काही केल्या फिरेना. पाना बसावा म्हणून झाकणाच्या डोक्यावर जो षटकोन असतो, त्याच्या कडा घासून गोल झाल्या होत्या आणि शेजारी आता छिन्नी लावून ते हातोडीने ठोकण्याच्या तयारीत होते. मी त्यांना थांबवले, कारण असे झाकण तडकले तर प्लास्टिकचे तुकडे तेलाच्या वाटेत पडू शकतात आणि झाकणाचे दुखणे इंजिनापर्यंत पोहोचते.

चौकशी केली तेव्हा कळले की मागच्या सर्व्हिसिंगला मेस्त्रीने लांब दांडीचा पाना लावून, ‘गळायला नको’ म्हणून ते अंगातला सगळा जोर लावून आवळले होते. जितके घट्ट तितके गळतीपासून सुरक्षित, हा समज फार पसरलेला आहे आणि या झाकणाच्या बाबतीत तो चुकीचा आहे. तेल अडवण्याचे काम आटे करत नाहीत, ते काम झाकणाच्या खाचेत बसवलेली रबराची ओ-रिंग करते. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स ख्रिस्टेन्सन यांना 1939 मध्ये तिचे अमेरिकी पेटंट मिळाले. खाचेत किंचित दबून बसलेल्या या कडीवर एका बाजूने तेलाचा दाब आला की ती खाचेच्या दुसऱ्या कडेकडे सरकते आणि भिंतीवर अधिक जोराने दाबली जाते. म्हणजे दाब वाढला की तिचा अडसरही वाढतो, त्यासाठी झाकण पिळण्याची गरज नसते. म्हणूनच अशा अनेक झाकणांवर 25 न्यूटन-मीटर एवढाच आकडा कोरलेला असतो. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे 10 किलो वजन टांगल्यावर जेवढा पीळ बसेल, तेवढाच हा पीळ आहे.

मग झाकण जाम का होते? गरम तेलात हजारो किलोमीटर दबून राहिलेल्या रबरातील रासायनिक बंध हळूहळू तुटतात आणि दबलेल्या आकारातच नव्याने जुळतात. रबर कडक होते, धातूच्या बारीक खडबडीतपणात रुतून बसते आणि रिंग बसवताना तिला तेलाचे बोट लावलेले नसेल तर ही पकड आणखी वाढते. शेजाऱ्यांना सुट्टी असते शनिवारी, पण शनिवारी तेल आणि लोखंड विकत घेऊ नये, या समजुतीपायी हे काम कित्येक आठवडे पुढे ढकलले गेले होते. रबराचे कडक होणे तापमानावर आणि काळावर ठरते, वारावर नाही. लांबणीवर पडलेल्या प्रत्येक शनिवारी ती रिंग थोडी अधिक चपटी होत गेली, हे मला त्यांना कळकळीने सांगावेसे वाटले आणि मी ते सांगितले.

गंज सोडवणारा फवारा मारण्याची सूचनाही कोणीतरी केली. प्लास्टिकला गंज चढत नाही, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता, उलट झाकण बाहेरून निसरडे होऊन नुकसानच झाले असते. षटकोन गेल्यावर उरतो तो झाकणाभोवती पट्टा आवळून ते फिरवणारा पट्ट्याचा पाना, आणि त्याची पकड ज्या गणितावर चालते ते मला अतिशय आवडते.

कोकणातल्या एखाद्या बंदरात होडीचा दोर धक्क्यावरच्या खुंटाला दोन-तीन वेढे देऊन एकटा माणूस कसा धरून ठेवतो, हे आठवून पाहा. दोर खुंटाभोवती वळतो तेव्हा त्यातला ताण त्याला खुंटावर दाबतो. एका अंशाच्या वळणात हा दाब ताणाच्या सुमारे 1.75 टक्के असतो. घर्षणगुणांक, म्हणजे दाबाच्या किती पट घर्षण मिळते तो आकडा, 0.3 धरला तर त्या एका अंशात घर्षण ताणाच्या जवळपास अर्धा टक्का भार पेलते. पुढच्या अंशात हाच अर्धा टक्का वाढलेल्या ताणावर मोजला जातो, त्यापुढच्या अंशात आणखी वाढलेल्या ताणावर. हे सरळ सरळ चक्रवाढ व्याज आहे. 360 अंशांचा एक वेढा पूर्ण होईपर्यंत मुद्दल साडेसहापट होते, दोन वेढ्यांत सुमारे 43 पट आणि तीन वेढ्यांत सुमारे 285 पट. म्हणून हाताशी 5 किलोचा जोर लावणारा माणूस तीन वेढ्यांच्या बळावर पलीकडची सुमारे 1,400 किलोची ओढ थोपवू शकतो. खुंट जाड आहे की बारीक, याने या गुणोत्तरात फरक पडत नाही. महत्त्व असते ते वळणाच्या कोनाला आणि घर्षणगुणांकाला, आणि हे दोन्ही घातांकात बसलेले असतात.

पट्ट्याच्या पान्यात वेढा साधारण पाऊणच असतो. कोरड्या झाकणावर घर्षणगुणांक 0.4 असेल तर एवढ्यातही ताण साडेसहापट होतो, पण तेलकट झाकणावर तोच गुणांक 0.1 वर आला तर जेमतेम 1.6 पट. व्याजदर पाव झाला की परतावा केवढा आटतो, हे ठेव ठेवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आमचा पहिला प्रयत्न नेमका यामुळेच फसला आणि पट्टा झाकणावरून सर्रकन फिरला. मग झाकण साबणाच्या पाण्याने धुतले, सुती फडक्याने कोरडे केले आणि रबर थोडे नरमावे म्हणून इंजिन काही मिनिटे चालवून, बंद करून, हाताला सोसवेल इतके निवू दिले. खूप तापलेल्या स्थितीत हे करू नये, कारण हात भाजतो आणि प्लास्टिक साधारणपणे अॅल्युमिनियमपेक्षा जास्त फुगत असल्याने झाकण अधिकच आवळून बसते. झाकणाकडे समोरून पाहत, घड्याळाच्या उलट दिशेने, हिसका न देता जोर वाढवत नेला. आधी रबर सुटल्याचा ‘कर्र’ असा आवाज झाला आणि नंतर झाकण हाताने फिरू लागले.

जुनी ओ-रिंग काढून मी ती शेजाऱ्यांच्या तळहातावर ठेवली. नवी रिंग कापली तर छेद गोल दिसतो, हिच्या मात्र दोन्ही बाजू सपाट झाल्या होत्या आणि नखाने दाबल्यावर खूण उमटत नव्हती. कडा गेलेले झाकण बाजूला ठेवून त्यांनी त्याच दिवशी नवे आणले, नव्या रिंगवर स्वतः तेलाचे बोट फिरवले आणि ठरवलेला पीळ बसताच आवाज करणारा टॉर्क पाना 25 वर लावून, तो ‘टक्’ वाजताच हात थांबवला.