कटिंग सुरू करताय? वजनं हलकी करू नका

(बल्क, म्हणजे भरपूर खाऊन आणि जड उचलून अंग भरण्याचा काळ, संपवून आता कटिंगला, म्हणजे चरबी उतरवायला, निघालेल्या सभासदांसाठी)

आषाढ लागला की आमच्या काउंटरवर एकच मागणी सुरू होते: "आता कटिंगचा चार्ट द्या." दिवाळीपासून खाऊन-उचलून अंग भरलेलं असतं, शर्टाच्या बाह्या दंडाला घट्ट होत असतात, पण पोटही पुढे आलेलं असतं आणि नवरात्र जवळ येत असते. बडोद्यात राहून नवरात्रीला चांगलं दिसावंसं वाटणं अगदी रास्त आहे. आम्ही मात्र नवा चार्ट देत नाही. जुन्याच चार्टवर सेटचा आकडा कमी करतो आणि वजनाचा आकडा तसाच ठेवतो. ते पाहून अनेकांचा चेहरा पडतो. फी भरली, तरी नवीन काहीच मिळालं नाही असं वाटतं. दर वर्षी प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून द्यावं म्हणून हे पत्रक.

सगळ्यात महागात पडणारी चूक

बल्कच्या शेवटी एखादा सभासद ८० किलोची बेंच प्रेस सहा-सहा रेप्सचे चार सेट करत असतो, म्हणजे बार सलग सहा वेळा उचलायचा, थांबायचं, असं चारदा. कटिंग ठरलं की तोच दुसऱ्या दिवशी बारवर ४० किलो लावतो, पंचवीस रेप्स मारतो, मध्ये जेमतेम श्वास घेतो आणि घामाने निथळतो. कुणीतरी सांगितलेलं असतं की जड वजनाने साइज येते आणि हलक्या वजनाने कट्स, म्हणजे स्नायूंच्या रेषा, येतात. त्याच दिवशी रात्रीचं जेवण बंद होतं, सकाळी ट्रेडमिल सुरू होते. दीड महिन्याने काटा सहा किलो खाली दाखवतो, पण आरशात दंड बारीक दिसतात, छाती उतरलेली दिसते आणि बेंबीच्या खालची चरबी बरीचशी तशीच असते.

कट्स हलक्या वजनाने येत नाहीत. स्नायूवरचा चरबीचा थर पातळ झाला की आत जे असतं ते दिसू लागतं. थर पातळ होतो तो कमी खाण्याने. व्यायामाचं काम या काळात वेगळं असतं: हा स्नायू अजून लागतोय, हे शरीराला रोज दाखवत राहणं. पैशाची तंगी आली की घरात जे वापरात नाही ते आधी विकायला निघतं. कमी खाणाऱ्या शरीराचंही तसंच आहे. कालपर्यंत ८० किलो ढकलणाऱ्या छातीकडून आज ४० किलोचंच काम घेतलं, तर तेवढा स्नायू पोसण्याचं कारणच उरत नाही.

यावर जाणकार सभासद विचारतात, की हलक्या वजनानेही स्नायू वाढतो असं संशोधन आहे ना? आहे. पण त्यात सेट अगदी शेवटच्या रेपपर्यंत, हात थरथरून बार वर जाईनासा होईपर्यंत न्यायचा असतो. अर्धपोटी माणूस पंचवीस-तीस रेप्समध्ये तिथवर पोचत नाही. छाती भरून येण्याआधी दम लागतो, जळजळ होते आणि सेट अलीकडेच सुटतो. आणखी काहींचं म्हणणं, आमचे आजोबा जुम्मादादांच्या आखाड्यात शेकड्यांनी जोर-बैठका मारायचे, त्यांचं अंग काय कमी होतं? बिलकूल नाही. पण ते पोटभर दूध-तूप खाऊन मातीत उतरत आणि बैठकांच्या जोडीला तोलामोलाच्या गड्याला अंगावर घेत. आपण इथे मुद्दाम कमी खातो आहोत, हा फरक विसरू नका.

गेलेला स्नायू परत येतो, आणि पहिल्या वेळेपेक्षा लवकर येतो, हे खरं आहे. पण तो आणायला पुन्हा भरपूर खावं लागतं आणि त्यात पोट पुन्हा सुटतं. मग पुढच्या आषाढात तुम्ही त्याच जागी उभे असता. अख्खं वर्ष असं जातं, आणि आम्हाला या चुकीचं सर्वांत जास्त वाईट वाटतं ते यासाठीच.

मग बदलायचं काय?

सेट. कमी खाल्लं की व्यायामानंतर शरीर सावरायला वेळ लागतो, त्यामुळे बल्कमध्ये पचणारं काम आता पचत नाही. छातीचे आठवड्याला सोळा-अठरा सेट होत असतील तर नऊ-दहावर या. मिळवलेलं टिकवायला मिळवण्याइतकं काम लागत नाही, फक्त बारवरचं वजन उतरता कामा नये. दोन सेटमध्ये पूर्ण विश्रांती घ्या. स्क्वॉट किंवा डेडलिफ्टला तीन मिनिटं बसून राहिलात तरी इथे कुणी तुम्हाला उठवणार नाही.

शेवटच्या आठवड्यांत एखादी रेप कमी झाली तर घाबरू नका. बेंच प्रेस थोडी उतरतेच, आणि शरीराचं वजन घटल्यामुळे पुल-अप्स उलट वाढतात. पण दोन-तीन मोठे व्यायाम एकदमच दहा टक्क्यांनी खाली आले आणि दोन आठवडे तसेच राहिले, तर ती धोक्याची खूण आहे. बहुतेक वेळा खाणं जास्त तोडलेलं असतं किंवा झोप अपुरी असते. अशा वेळी जास्त जोर लावू नका, आम्हाला येऊन सांगा.

कार्डिओला आमचा विरोध नाही. मात्र आधी वजनं, मग ट्रेडमिल. त्याहून सोपं म्हणजे रोजचं चालणं. सकाळी कामाठीबागेत पाऊण तास भरभर चाललात तर पायांवर ताण येत नाही आणि संध्याकाळच्या स्क्वॉटचं नुकसान होत नाही. उपाशीपोटी चालल्याने जास्त चरबी जळते हा समज सोडून द्या. दिवसभराचा हिशोब सारखा असेल तर फरक पडत नाही.

किती वेगाने, आणि केव्हापासून

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते पाऊण टक्का. म्हणजे ८० किलोच्या माणसाने ४०० ते ६०० ग्रॅम. पोट बरंच असेल तर सुरुवातीला ८०० ग्रॅमही चालतील. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, त्यामुळे आठवड्याला अर्धा किलो उतरवायचा तर रोज ५००-५५० कॅलरींची तूट लागते. ती पाडायला जेवण बंद करावं लागत नाही. बल्कसाठी जे वर चढवलं होतं तेच आधी काढा: केळ्याचा शेक, पीनट बटर, पोळीवरचं जादा तूप, दुसऱ्यांदा घेतलेला भात. पुष्कळांची तूट एवढ्यातच होते.

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो गेले तर ती चरबी नाही. स्नायूंत साठलेल्या एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साठवणीच्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, ते उतरतं. त्यावर खूश होऊन "असंच चालू ठेवतो" म्हणणाऱ्यांना आम्ही हमखास थांबवतो. २०११ साली नॉर्वेतल्या खेळाडूंच्या दोन गटांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक गट आठवड्याला ०.७ टक्के वेगाने वजन उतरवत होता, दुसरा १.४ टक्क्यांनी. वजनांचा व्यायाम दोघांचाही चालू होता. हळू उतरणाऱ्यांची चरबीविरहित शरीरसंपत्ती सुमारे दोन टक्क्यांनी वाढली, घाई करणाऱ्यांची वाढलीच नाही. महिन्याला सात किलोचं पॅकेज आम्ही का ठेवत नाही, याचं उत्तर यात आहे. ते मागायला लोक येतात आणि कधी कधी परत जातात, पण ते आम्ही विकणार नाही.

आता पंचांग काढा. अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन करून दुसऱ्या दिवशी कटिंगला याल, तर घटस्थापनेला उरतात पंधरा-सोळा दिवस. एवढ्यात फार तर एक-दीड किलो चरबी जाईल. गुरुपौर्णिमेला सुरुवात केलीत तर, अधिक महिना मध्ये आला नाही तर, साडेदहा आठवडे हातात असतात आणि पाच किलो आरामात होतात. मध्ये गणपतीत घट थांबवून नुसतं वजन टिकवलंत तरी चालेल. घरच्या मोदकाला नाही म्हणण्याची वेळ आणू नका. दोन मोदकांनी कुणाचं कटिंग बुडालेलं नाही. बुडतं ते रोजच्या सेव उसळीने आणि दर रविवारच्या फाफडा-जलेबीने.

श्रावणातलं प्रोटीन

कटिंगचे ऐन आठवडे श्रावणात येतात. बऱ्याच घरांत तेव्हा अंडं-चिकन बंद असतं, आणि नेमकं याच काळात प्रोटीन जास्त लागतं. शरीराच्या दर किलोमागे १.८ ते २.२ ग्रॅम धरा. ८० किलोच्या माणसाला १४५ ते १७५ ग्रॅम. हे वरण-भातावर होत नाही. वरणात डाळ किती आणि पाणी किती ते एकदा आईला विचारा.

पण घरच्याच स्वयंपाकात जमवता येतं. सोयाबीनच्या कोरड्या वड्या ५० ग्रॅम घेतल्या तर २६ ग्रॅम, पनीर १५० ग्रॅमचं २७, कोरडे मूग १०० ग्रॅम भिजवून केलेल्या उसळीचं २३-२४, अर्धा लिटर दुधाचं १६, आणि पाच-सहा पोळ्यांचं आणखी पंधरा-सोळा. हे सगळं मिळून ११० च्या आसपास होतं, आणि उरलेलं व्हेच्या (दुधापासून केलेल्या प्रोटीन पावडरच्या) दोन स्कूपमध्ये येतं. साखर न घालता चक्का खाल्लात तर एक स्कूप वाचेल. पनीरमध्ये चरबीही बरीच असते, म्हणून घरी गाईच्या दुधाचं करता आलं तर उत्तम. शेंगदाण्याला प्रोटीनचा पदार्थ समजून मूठमूठ खाऊ नका: १०० ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रोटीन असलं तरी साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. फोडणीचं तेल चमच्याने मोजा. मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि घरात ती कुणीच मोजत नाही.

अंडं-चिकन चालणाऱ्यांना व्हेची गरज क्वचितच पडते. काउंटरवर आम्ही सुट्या मापाने व्हे ठेवतो, पण ज्याचं जेवणातून भागतं त्याला डबा घ्यायला आम्ही सांगत नाही. ताकदीसाठी क्रिएटिनची पावडर घेत असाल तर रोजचे ३ ते ५ ग्रॅम चालू ठेवा. पाणी धरतं म्हणून अनेक जण कटिंगला ते सोडतात. ते पाणी स्नायूच्या आत असतं, चरबीशी त्याचा संबंध नाही. फॅट बर्नरच्या गोळ्या आम्ही ठेवत नाही. त्यांतल्या बहुतेकींत मुख्य काम कॅफीनच करतं, आणि ते काळ्या कॉफीतही मिळतं. "कटिंगसाठी" म्हणून औषधाची गोळी किंवा इंजेक्शन कुणी देऊ केलं, तर घेऊ नका आणि आम्हाला सांगा. मधुमेह, मूत्रपिंड, थायरॉइड किंवा रक्तदाबाचं औषध चालू असेल तर हे पत्रक आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

नऊ रात्रींचं काय?

घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत कटिंग बंद. हे ऐकून सभासदांना नवल वाटतं, पण आम्ही यावर ठाम आहोत. मोठ्या मैदानावर असो की शेरी गरब्यात, रोज दोन-तीन तास नाचून रात्री एकला घरी यायचं आणि सकाळी ऑफिस गाठायचं, म्हणजे झोप पाच तासांवर येते. शिकागो विद्यापीठात झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच माणसांना तेवढंच कमी खायला देऊन एकदा साडेआठ तास झोपायला दिलं आणि एकदा साडेपाच. दोन्ही वेळा वजन साधारण सारखंच उतरलं. पण झोप कमी असताना चरबी निम्म्याहूनही कमी गेली आणि बाकीचं चरबीशिवायच्या शरीरातून गेलं. तेव्हा त्या नऊ दिवसांत तूट ठेवू नका, पोटभर जेवा, आणि दोन दिवस येऊन मोठ्या व्यायामांचे दोन-दोन जड सेट करून घरी जा. त्या आठवड्यात आम्ही दुपारीही दार उघडं ठेवतो, ते यासाठीच.

उठता-बसता उपास असेल तर काही अडत नाही. नऊही दिवस उपास असेल तर साबुदाण्याच्या खिचडीवर राहू नका. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यात तूप आणि दाण्याचं कूट. भगर, ताक, दूध, चक्का, पनीर यांवर भर द्या. व्हे दुधाचंच असतं. उपासाला चालतं का ते तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवा.

मापं आणि वही

दर शनिवारी सकाळी सात ते नऊ मापं घेतो, सभासदांना त्याचे वेगळे पैसे नाहीत. बेंबीच्या रेषेत कंबर, दंड, मांडी आणि वजन. कंबर कमी होतेय आणि बारवरचं वजन टिकलंय, तर चरबीच जातेय, मग काटा आठवडाभर हलला नाही तरी खाणं तोडू नका. वजन घरी रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर घ्या आणि सात दिवसांची सरासरी लिहा, एकेका दिवसाचा आकडा मिठाने आणि पाण्याने हलतो.

गुरुपौर्णिमेपासून दहा आठवड्यांचा कटिंगचा गट सुरू होतो. त्यात आठवड्याला एकदा तुमच्या जेवणाची वही बसून बघतो आणि पुढच्या आठवड्याचे सेट लिहून देतो. फी काउंटरवर विचारा, घरातले दोघे असाल तर सवलत आहे. नाव घालायला येताना बल्कमधली जुनी वही नक्की आणा. शेवटच्या महिन्यात तुम्ही काय उचलत होता ते त्यात असतं, आणि चार्टवर तेच आकडे लिहायचे असतात. वही ठेवली नसेल तर पहिल्या दिवशी तासभर जास्त काढून या, सगळे मोठे व्यायाम करून घेऊन आकडे इथेच काढू.