बाबा नेव्हीत होते की बोटीवर? आधी एवढं ठरवा

दर दोन-तीन महिन्यांनी म्हापशात कोणतरी मला गाठतोच, हातात प्लास्टिकच्या पिशवीत वडलांचे कागद, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "बाबा दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत होते." पिशवी उघडली की आतून निघते सीडीसी, म्हणजे व्यापारी जहाजांवरच्या खलाशाचं नोकरीचं नोंदपुस्तक. म्हणजे तारवटी, सरळ सरळ मर्चंटवाले. बोटीवरचं जगणं गोंयकाराला काय सांगायचं, घरोघरी कोणतरी बोटीवर असतोच. पण ‘बोटीवर’ला ‘नेव्हीत’ म्हटलं की कागद चुकीच्या दारात जातात. मी स्वतः हेच केलं, वडलांसाठी एका ऑफिसात अर्ज टाकला, आठ महिने वाट बघितली आणि उत्तर काय तर ह्या नावाचा माणूस नाही. नसणारच!

घोळाचं मूळ ‘मर्चंट नेव्ही’ ह्या नावात आहे. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या लोकांना पहिल्या महायुद्धानंतर राजा पाचव्या जॉर्जने ते मानाने दिलं, म्हणून काही ते नौदल झालं नाही. नौदल म्हणजे तेव्हाची रॉयल इंडियन नेव्ही, तिथे युनिफॉर्म, रँक, सर्व्हिस नंबर. हे सगळ्यांना कळतं, पुढे जाऊ.

लोक अडकतात ते इथे. जहाज बघून माणूस ठरवतात. "बाबा मालवाहू बोटीवर होते, म्हणजे मर्चंट." असं नाही हो! युद्धात व्यापारी जहाजांवर तोफा बसवल्या, आणि त्या चालवायला नौदलाचे गनर, म्हणजे तोफची, पाठवले (अशा जहाजांना डेम्स म्हणायचे). जहाज कंपनीचं, कॅप्टन कंपनीचा, पण हा माणूस नेव्हीचा. त्यात आणखी गंमत म्हणजे तटस्थ देशाच्या बंदरात सैनिक उतरवता येत नाही म्हणून ह्या गनरांची जहाजाच्या करारावर डेकहँड म्हणून नावापुरती सही घ्यायचे, त्यामुळे क्रू लिस्टमध्ये नाव सापडलं तरी तो मर्चंटवाला ठरत नाही. आणि उलटंही होतं. प्रवासी लायनर घेऊन त्यांची युद्धनौका केली, पी अँड ओची रावळपिंडी तशीच, नोव्हेंबर १९३९ मध्ये दोन जर्मन युद्धनौकांनी बुडवली. असल्या जहाजांवर मर्चंटचे लोक टी-१२४ नावाच्या करारावर राहिले, शिस्त नौदलाची, माणूस मर्चंटचा. म्हणून जहाज कुणाचं ते नंतर बघा, आधी सही कुठल्या करारावर केली ते बघा. माझ्या मते बाकी सगळं दुय्यम आहे.

मेडल दाखवून तर वाद घालूच नका. अटलांटिक स्टार दोघांनाही मिळायचा, वॉर मेडलसुद्धा. आणि १९४६ च्या रॉयल इंडियन नेव्हीतल्या नाविकांच्या बंडात आपले बाबा होते असं सांगणारे भेटले की मी आधी सर्व्हिस नंबर विचारतो, मग गप्प होतात.

मर्चंटचं ठरलं तर एक अख्खी सर्व्हिस फाईल शोधत बसू नका, तिथे नोकरी सफरीसफरीने असायची, दर वेळी नवा करार. सीडीसीत जहाजाचं नाव, कुठे चढले, कुठे उतरले, काम काय (आमच्याकडे बहुतेक सलूनवाले, म्हणजे स्टुअर्ड, बटलर, भंडारी) आणि जहाजाचा ऑफिशियल नंबर मिळतो. हा नंबर जहाजाचा, माणसाचा नव्हे, कृपा करून ते दोन एकत्र करू नका. १९३९ ते १९४५ चे ब्रिटिश जहाजांचे क्रू करार लंडनजवळ क्यूला नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये बीटी ३८१ ह्या मालिकेत आहेत आणि ते जहाजाच्या नंबरानेच लावलेत. नावाने शोधाल तर म्हातारे व्हाल. नाव तरी कारकुनाने कसं ऐकलं तसं लिहिलेलं, आमच्या आडनावाची तीन वेगवेगळी स्पेलिंगं मिळाली.

वडील समुद्रातच गेले असतील तर वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात गेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत बघा. मुंबई-चितगाव स्मारकाच्या नोंदीत सुमारे ६,५०० नावं आहेत, त्यात रॉयल इंडियन नेव्हीची चारशेहून थोडी जास्त, उरलेली सगळी मर्चंटची. तिथे प्रत्येक नावासमोर कुठली सेवा ते स्पष्ट लिहिलंय, तेवढं वाचून मग पिशवी घेऊन या.