मेंटॉरचा वेळ कोणाच्या खात्यात?

जुलै-ऑगस्टमध्ये नागपुरातल्या बहुतेक कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर पहिल्या वर्षाच्या मुलांच्या याद्या लागतात. वीस-पंचवीस नावं, वर एका प्राध्यापकाचं नाव आणि त्यापुढे 'मेंटॉर'. मिहान या उद्योगक्षेत्रातल्या सॉफ्टवेअर कंपन्या, स्टार्टअपचे मेळावे, मेडिकलच्या मुलांचे सुरुवातीचे दिवस, शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅब, सगळीकडे आता मेंटॉर आहेत. संस्थांनासुद्धा असतात. 2015 मध्ये आयआयएम नागपूर सुरू झालं तेव्हा अहमदाबादच्या आयआयएमला त्याचं मेंटॉर नेमलं होतं आणि पहिले वर्ग व्हीएनआयटीच्या आवारात भरले होते.

नवशिक्याला हाताशी धरायचं काम या शहरात पूर्वीपासून होत आलंय. नवीन आहे ती त्याची नोंद, रजिस्टर आणि आकडा. माझ्या मते या कामाचा इतिहास पाहायचा तर एकच प्रश्न धरून पाहावा: शिकवणाऱ्याचा वेळ कोणाच्या खात्यात पडत होता? तेवढं कळलं की आजच्या मेंटॉरची ओढाताण फार समजावून सांगावी लागत नाही.

सुरुवात विणकरांपासून करावी लागते. तांडापेठ, नाईक तलाव, पाचपावली, गोळीबार चौक या भागात कोष्टी आणि हलबा विणकरांची घरं होती, आणि घरातच माग. पोरगं आधी मागावर बसत नसे. आधी कांड्या, म्हणजे सुताच्या नळ्या, भरायच्या. मग तुटलेला धागा शोधून गाठ मारायची, तीही अशी की फणीतून जाताना अडकू नये. मग ताण्याला हात लावायचा. आडवा धागा नेणारा धोटा हातात यायला काही वर्षं जायची. शिकवणं असं वेगळं काही नव्हतंच. बाप किंवा काका विणत असायचा आणि पोरगं बाजूला. चुकलं की कापडात दिसायचं आणि कापड इतवारीच्या व्यापाऱ्याकडे गेलं की पैशात दिसायचं. शिकवणाऱ्याचा वेळ पोराच्या फुकटच्या मेहनतीतून वसूल होत होता. हिशेब चोख होता, फक्त तो पोराच्या बालपणातून चुकता व्हायचा. शिवाय हे ज्ञान जातीबाहेर, घराबाहेर जात नसे आणि बायकांच्या वाट्याला बहुधा सूत गुंडाळायचा रहाटच यायचा. जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना ही बाजू आपण विसरतो.

मग गिरणी आली. जमशेटजी टाटांनी 1874 मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, विव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून हे नाव. मिल चालवायला त्यांनी दोन माणसं निवडली. बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेतून आलेले, त्यांना कापडातलं काही ठाऊक नव्हतं. जेम्स ब्रुक्सबी लँकेशायरचे तंत्रज्ञ. एकाला माणसं आणि व्यवहार कळत होता, दुसऱ्याला यंत्र. गिरणी नवी, कामगार शेतातून किंवा मागावरून आलेले, दररोज वेळेवर येण्याचीही सवय नाही. शिकवणं इथे उत्पादनाचाच भाग झालं. जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, नव्या माणसाला साच्यावर (यंत्रावर) उभं करायचा, तोच त्याची हजेरी पाहायचा आणि बऱ्याचदा तोच त्याला कामावर घ्यायचा किंवा काढायचा. गिरण्यांमधल्या जॉबरच्या दस्तुरीच्या, म्हणजे कामगारांकडून उकळलेल्या पैशांच्या, तक्रारी जुन्याच आहेत. शिकवणारा, तपासणारा आणि पोटावर पाय देऊ शकणारा माणूस एकच असला की शिकणारा प्रश्न विचारत नाही. हा धडा आज मेंटॉरच्या प्रत्येक नियमावलीत कुठे ना कुठे लिहिलेला असतो. गिरणी कामगारांनी तो फार आधी भोगला होता. एम्प्रेस मिल आता नाही, त्या जागेवर मॉल उभा आहे.

शिकवणाऱ्याची जबाबदारी कायद्यात आली ती 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने. त्याचं कलम 11 साधं आहे आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वात कमी वाचलेलं आहे. मालकाने उमेदवाराला करारानुसार शिकवायचं. मालक स्वतः त्या कामातला पात्र नसेल तर ठरलेली पात्रता असलेला माणूस त्या प्रशिक्षणावर नेमायचा. म्हणजे शिकवणं ही मर्जी राहिली नाही, कामाच्या वेळेतली जबाबदारी झाली, आणि खर्च मालकाचा. 2019 मध्ये नियम बदलले. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं भाग पडलं आणि किमान विद्यावेतन पाच ते नऊ हजारांच्या घरात आलं. हिंगणा एमआयडीसीतल्या किंवा बुटीबोरीतल्या कारखान्यात आयटीआयचा मुलगा येतो तो याच कायद्याखाली. तिथे शिकवणाऱ्याला कोणी मेंटॉर म्हणत नाही. 'शिंदे साहेबांच्या अंडर आहे' असं म्हणतात, आणि ते पुरतं.

कायद्याच्या बाहेर मात्र दुसरीच धारा वाहत होती, आणि नागपुरात ती जास्त ठळक आहे. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांत शिक्षणाची ओढ वाढली. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासूनच होती, दीक्षाभूमीवर 1964 मध्ये डॉ. आंबेडकर कॉलेज उभं राहिलं. पण योजना असणं वेगळं आणि त्या योजनेचा फॉर्म बरोबर भरला जाणं वेगळं. घरातला पहिलाच शिकणारा मुलगा. उत्पन्नाचा दाखला कुठून आणायचा, जातपडताळणीला किती महिने आधी अर्ज टाकायचा, बी.ए.ला कोणते विषय घेतले तर पुढे दरवाजे बंद होत नाहीत, हे सांगणारं घरात कोणी नसायचं. ते सांगायचा वस्तीतला कोणी बँकेतला, पोस्टातला, शाळेतला दादा. रविवारी सकाळी विहारात किंवा वाचनालयात तो बसायचा. 'काऊन बे, मार्कशीटची झेरॉक्स कुठे आहे? दोन सांगितल्या होत्या ना!' असं दरडावून विचारायचा आणि पुढच्या क्षणी स्वतःच्या पैशाने झेरॉक्स काढून आणायला पाठवायचा. आता फॉर्म सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर आहेत, पण ओटीपी कोणाच्या मोबाईलवर जातो आणि अर्ज 'सेंड बॅक' झाला तर काय करायचं, हे सांगायला दादा किंवा ताई अजून लागतेच. या माणसांचा वेळ कुठल्याच खात्यात पडला नाही. तो त्यांनी ऋण फेडल्यासारखा दिला. मेंटॉरिंगवर बोलणारे लोक या परंपरेचा उल्लेख का करत नाहीत, हे मला खरंच कळत नाही.

विजय बारसे यांचं कामही याच जातकुळीतलं. हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडाशिक्षक. 2001 मध्ये झोपडपट्टीतली मुलं पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल, पुढे 'स्लम सॉकर' उभं राहिलं. 2016 मध्ये संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. बारसेंनी निवृत्तीचे पैसे जमिनीत घातले, तेही या मुलांसाठी. पुरस्कारापेक्षा मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: खेळायला आलेली मुलंच पुढे प्रशिक्षक झाली. ज्याने तीच गल्ली पाहिली आहे त्याला मुलगा आठवडाभर का आला नाही हे विचारावं लागत नाही.

कॉलेजातल्या आजच्या मेंटॉरचा जन्म मात्र भल्या इच्छेतून झाला नाही, तो रॅगिंगमधून झाला. मार्च 2009 मध्ये हिमाचलातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने (युजीसी) रॅगिंगविरोधी नियम काढले. त्यात नव्या मुलांचे छोटे गट करून प्रत्येक गट एका प्राध्यापकाकडे सोपवायचा असं होतं आणि 'मेंटॉरिंग सेल'ची तरतूद होती: सहा नव्या मुलांमागे एक सीनियर विद्यार्थी-मेंटॉर आणि अशा सहा मेंटॉरांमागे वरच्या पातळीचा एक. म्हणजे ज्या सीनियरची भीती होती त्यालाच राखणदार केलं. कल्पना धाडसी होती. पुढे एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने अभियांत्रिकीच्या मुलांसाठी सुरुवातीचा परिचय कार्यक्रम आणला, त्यात वीस मुलांमागे एक प्राध्यापक. 2019 मध्ये युजीसीचा तसाच परिचय कार्यक्रम 'दीक्षारंभ' आला. त्याच वर्षी एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आणि पहिला महिना फाउंडेशन कोर्सला गेला.

आणि मधल्या काळात कॉलेजांचं मूल्यांकन करणारं नॅक यात आलं. 2017 च्या सुधारित पद्धतीत किती मुलांमागे किती मेंटॉर, याला गुण मिळू लागले. हेतू चांगला होता, पण गुण गुणोत्तराला होते, भेटीला नव्हते. त्यामुळे याद्या आल्या, रजिस्टर आलं, मुलाच्या सहीचा रकाना आला. नॅकची टीम येणार म्हटलं की वर्षभराच्या भेटींच्या नोंदी दोन दुपारांत लिहून व्हायच्या. ज्यांनी कॉलेजात नोकरी केली आहे त्यांना हे सांगायला नको. दोष शिक्षकांचा आहे असं मी म्हणणार नाही. रिक्त जागांमुळे पदवीचे कितीतरी वर्ग तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घेतात. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. मुलगी रडत स्टाफरूममध्ये आली आणि तिच्याशी तासभर बोलावं लागलं, तर तो तास वेळापत्रकात नसतो आणि बिलातही नसतो. विणकराने वेळ वसूल केला, कारखान्याने भरला, वस्तीतल्या दादाने दान केला. कॉलेजात तो गृहीत धरला गेला.

आता प्रत्यक्ष काम काय, तर ते कागदावर दिसतं त्यापेक्षा लहान आणि जास्त चिकाटीचं आहे. पहिल्या भेटीत मुलं काही सांगत नाहीत. 'सगळं ठीक आहे सर' यापलीकडे गाडी जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळतं की मुलगा काटोलहून रोज एसटीने येतो, पहिला तास म्हणून बुडतो आणि हजेरी साठ टक्क्यांवर आहे. इथे मेंटॉरने उपदेश करायचा नसतो, त्या तासाचं काय करता येईल ते विभागप्रमुखांशी बोलायचं असतं. मुलाच्या हातचं काम पाहायचं, म्हणजे गुण नाही, वही. कोणाकडे पाठवायचं ते माहीत असायला हवं: शिष्यवृत्तीचा क्लार्क कोण, वसतिगृहाचा अर्ज कुठे, प्रशासकीय सेवेची तयारी करायची असेल तर जुन्या मॉरिस कॉलेजातल्या प्रशिक्षण केंद्राची प्रवेश परीक्षा असते. आणि कुठे थांबायचं हेही. मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल तर मेंटॉर समुपदेशक होत नाही. तो त्याला एकटं सोडत नाही, जाणत्या डॉक्टरकडे नेतो. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक प्रत्येक मेंटॉरच्या फोनमध्ये असावा. जे कानावर आलं ते स्टाफरूममध्ये चहासोबत वाटायचं नाही, हे वेगळं सांगायची गरज नसावी, पण असते. आणि शक्यतो मेंटॉरने त्याच मुलाचे अंतर्गत गुण देऊ नयेत. छोट्या कॉलेजात हे जमत नाही, मान्य.

एक जागा अशी आहे जिथे जुनी पद्धत अजून जवळजवळ जशीच्या तशी चालते: वकिली. नागपूर उच्च न्यायालय 1936 चं, 1956 नंतर मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ. सिव्हिल लाइन्समध्ये सकाळी साडेदहाच्या आधी ज्युनियर दिसतो तो फायलींचा गठ्ठा घेऊन, बोर्डावर मॅटर कितव्या नंबरला आहे ते पाहत. सीनियर दुसऱ्या कोर्टात अडकलेले असतात. ज्युनियर उभा राहून पासओव्हर, म्हणजे प्रकरण थोड्या वेळाने घ्यावं अशी सवलत, मागतो आणि न्यायमूर्ती विचारतात, 'तुम्हीच का चालवत नाही?' त्या एका प्रश्नात तीन वर्षांचं शिक्षण असतं. संध्याकाळी चेंबरमध्ये सीनियर ड्राफ्टवर लाल रेघा मारतात, कारण सांगतात किंवा नाही सांगत. पैसे? जमेल तसे. बापाची पुंजी असलेला ज्युनियर टिकतो, नसलेला दोन वर्षांत दुसरी नोकरी पाहतो.

वकिलीचा कायदाही 1961 चाच. त्यात सुरुवातीला असलेली प्रशिक्षणाची अट पुढे काढून टाकली गेली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 1995 मध्ये नियम करून सनदेआधी एक वर्ष प्रशिक्षण सक्तीचं केलं, पण 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुधीर खटल्यात ते रद्द ठरवलं: असा नियम करण्याचा अधिकार कौन्सिलला नव्हता. नंतर सनदेनंतरची परीक्षा आली, पण परीक्षा शिकवत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून ज्युनियरला शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. सुचवलं, सक्ती नाही.

मग 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. या वकिलीचा दाखला किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने देता येतो आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता लागते. जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, व्हायचं स्वप्न पाहणाऱ्या मुला-मुलींना आता थेट अभ्यासिकेत बसून चालणार नाही, आधी चेंबर शोधावं लागेल. सीनियरच्या सहीला त्यामुळे किंमत आली आहे. ज्युनियरच्या महिन्याच्या खर्चाचा प्रश्न मात्र त्या शिफारशीवरच अडला आहे, आणि यवतमाळ-गडचिरोलीहून येऊन धरमपेठेत खोली घेणाऱ्या मुलीला तो पहिल्याच महिन्याच्या भाड्याला भेटतो.